आधार, अंगठा आणि झेरॉक्स: गळती नेमकी कुठे होते?

नाशिकच्या एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. त्या विचारतात: "आधारचं बायोमेट्रिक कधीच फुटलेलं नाही असं सरकार सांगतं. मग लोक घाबरतात कशाला? भाड्याच्या घराचा करारनामा करताना एजंटने माझ्या आधारची झेरॉक्स घेतली, थंबही घेतला. आता मी बायोमेट्रिक लॉक करू का? केलं तर आईच्या रेशनचं काय होईल? तिचा अंगठा तसाही मशीनवर लागत नाही. आणि मुलाच्या शाळेत आधार मागतायत, ते द्यावंच लागतं का?"

आधार पडताळणी करणाऱ्या संस्थांचं माहिती-सुरक्षेचं ऑडिट करणं हा माझा व्यवसाय आहे. बँका, पतसंस्था, कर्ज देणाऱ्या कंपन्या, मोबाईलची दुकानं यांची कपाटं आणि सर्व्हर मी आतून पाहतो. त्या अनुभवावरून उत्तर देतो. तुमचे चारही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी सरकारच्या दाव्याबद्दल. नोंदणी करताना दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळं आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. ही माहिती नोंदणीच्या मशीनवरच कूटबद्ध होते आणि आधारचं काम पाहणाऱ्या विशिष्ट ओळख प्राधिकरणाच्या केंद्रीय भांडारात जाते. त्याची डेटा सेंटरं बंगळुरू आणि हरियाणातल्या मानेसरला आहेत. पुढे कुठेही तुम्ही अंगठा लावलात की ठसा तिथे जाऊन तुमच्याच नोंदीशी ताडून पाहिला जातो आणि उत्तर येतं, 'हो' किंवा 'नाही'. केवायसी असेल तर नाव, पत्ता, फोटोही येतो, पण ठसा परत येत नाही. आधार कायद्याचं कलम २९ सांगतं की ठसे आणि बुबुळं कोणत्याही कारणासाठी कुणालाही द्यायची नाहीत. या भांडारातून ठसे घाऊक चोरीला गेल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. म्हणजे दावा आहे तेवढ्यापुरता खरा आहे.

पण माझ्याकडे आलेल्या तक्रारींत ज्यांचं खरोखर नुकसान झालं, त्यांतल्या कुणाचंही नुकसान भांडार फुटल्यामुळे झालेलं नव्हतं. तिजोरी शाबूत होती. नुकसान झालं ते तिच्या बाहेर फिरणाऱ्या नंबरामुळे, बाहेर उमटलेल्या ठशांमुळे आणि मशीनने 'नाही' म्हटल्यावर 'हो' म्हणायचा अधिकार समोर कुणालाच नसल्यामुळे. गोपनीयतेची चर्चा करताना आपण या तीन जागांकडे बघायला हवं.

नंबरापासून सुरुवात करू. मे २०१७ मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने दाखवून दिलं की पेन्शन, रोजगार हमी आणि आंध्रातल्या दोन अशा फक्त चार सरकारी पोर्टलांवर मिळून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक उघडे पडले होते, बऱ्याच ठिकाणी बँक खात्याच्या तपशिलासह. त्याच वर्षी माहिती अधिकारातल्या उत्तरात प्राधिकरणानेच सांगितलं की केंद्र आणि राज्यांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावं, पत्ते आणि आधार क्रमांक दिसत होते. जानेवारी २०१८ मध्ये 'द ट्रिब्यून'च्या पत्रकाराने ५०० रुपये देऊन एका एजंटकडून असं लॉगिन मिळवलं, की त्यात कुठलाही आधार क्रमांक टाकला की नाव-पत्ता पुढे येई. प्रत्येक वेळी उत्तर तेच मिळालं: बायोमेट्रिक सुरक्षित आहे. ज्या पेन्शनरचा खाते क्रमांक, मोबाईल आणि आधार एकाच यादीत उघडा पडला, त्याला त्या उत्तराचा काय उपयोग? 'तुमची केवायसी संपतेय' असा फोन करणाऱ्याला ठसा लागतच नाही. समोरच्याचा विश्वास बसेल एवढी खरी माहिती त्याच्या हाती असली की पुरे.

आता ठसे. ताई, तुमच्या करारनाम्यावर परत येतो, कारण आपल्याकडे ही सगळ्यात दुर्लक्षित जागा आहे. महाराष्ट्रात नोंदणीकृत भाडेकरारावर मालक-भाडेकरूंचे फोटो आणि अंगठ्याचे ठसे छापलेले असतात, आणि अनेकदा आधार क्रमांकही. त्या कराराची पीडीएफ एजंटच्या व्हॉट्सॲपवरून मालकाकडे जाते, तिथून सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, भाडेकरूची नोंद करायला पोलीस ठाण्यात, गॅस कनेक्शनसाठी आणखी कुणाकडे. नंबर, नाव, फोटो आणि ठसा एकाच कागदावर, आणि त्या कागदाच्या किती प्रती कुठे आहेत हे कुणालाही सांगता येणार नाही. खरेदीखतांचंही तेच.

यातून काय होऊ शकतं ते २०१८ मध्ये तेलंगणात दिसलं. एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून जमिनीची कागदपत्रं उतरवली, त्यांवरच्या ठशांवरून रबरासारखे अंगठे तयार केले आणि ते वापरून हजारो सिमकार्डं चालू केली. पुढे हीच युक्ती पैशांकडे वळली. आधारवरून पैसे काढायची एईपीएस नावाची सोय आहे. गावातला बँक मित्र किंवा सेवा केंद्रवाला छोट्या मशीनवर अंगठा घेऊन रोख देतो. बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि ठसा, एवढंच लागतं. पिन नाही, ओटीपी नाही. एका वेळी १० हजार रुपयांपर्यंत निघतात. जिथे एटीएम नाही त्या गावांत ही सोय मोलाची आहे, ती बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण शहरात राहणाऱ्या, कार्ड आणि यूपीआय वापरणाऱ्या माणसाच्या खात्यालाही ही वाट जोडलेली असते आणि ती आहे हेच त्याला माहीत नसतं.

प्राधिकरण हातावर हात ठेवून बसलं आहे असं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ठसा जिवंत बोटाचा आहे का हे ओळखणारी तपासणी आली. जुन्या मशीनच्या जागी ठसा मशीनमध्येच कूटबद्ध करणारी एल-१ दर्जाची मशीनं आली. बँक मित्रांची छाननी कडक करण्याचे नियम रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये काढले. या उपायांनी खोट्या अंगठ्यांचं काम अवघड झालं, हे मी ऑडिटमध्ये पाहतो. तरी एक गोष्ट कुठल्याही उपायाने बदलत नाही. पासवर्ड फुटला तर नवा घेता येतो, अंगठा नवा घेता येत नाही. वयाच्या तिशीत फुटलेला ठसा सत्तरीतही फुटलेलाच राहतो. म्हणून ठशाला पासवर्डचा दर्जा देणंच मला मुळात चुकीचं वाटतं. ठसा फार तर ओळख पटवण्याचा एक पुरावा असावा, पैसे देण्याची परवानगी देणारी एकमेव खूण कधीच नसावी.

इथवर चोरांबद्दल बोललो. सरकारच्या हाती एवढं भांडार असण्याबद्दल बोलायचं तर गोव्यातलं एक प्रकरण सांगावंच लागेल. जानेवारी २०१३ मध्ये वास्कोतल्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला. तपास सीबीआयकडे गेला. घटनास्थळी बोटांचे ठसे मिळाले होते, आरोपी मिळत नव्हता. सीबीआयने मागणी केली की गोव्यात आधार नोंदणी केलेल्या सगळ्यांची बायोमेट्रिक माहिती द्या, आम्ही ताडून पाहतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये स्थानिक न्यायालयाने तसा आदेश दिला. प्राधिकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेलं. तिथे फेब्रुवारी २०१४ मध्ये, या भांडारातून असं ताडून पाहणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का हे तज्ज्ञांकडून तपासून घेण्याचा आदेश झाला. मग प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २४ मार्च २०१४ रोजी न्यायालयाने स्थगिती देऊन सांगितलं की ज्याचं बायोमेट्रिक आहे त्याच्या लेखी संमतीशिवाय ते कुठल्याही यंत्रणेला द्यायचं नाही.

त्या मुलीच्या घरच्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं तर सीबीआयची मागणी चूक होती असं म्हणायला जीभ रेटत नाही. आणि म्हणूनच हे प्रकरण महत्त्वाचं आहे. रेशन-पेन्शनसाठी दिलेल्या ठशांचा वापर बदलतो तो अशाच एखाद्या प्रकरणातून, जिथे विरोध करणारा माणूस निर्दय वाटेल. प्राधिकरणाने तेव्हा मांडलेला तांत्रिक मुद्दाही पक्का होता. ही यंत्रणा एका माणसाचा ठसा त्याच्याच नोंदीशी ताडण्यासाठी आणि नोंदणीत एकच माणूस दोनदा आला का हे बघण्यासाठी बांधली आहे. त्यासाठी बोट काचेवर नीट दाबून घेतलेले ठसे लागतात. घटनास्थळी दारावर उमटलेला अर्धवट, पुसट ठसा लाखो-कोटी नोंदींत शोधला तर चुकीच्या जुळण्या येणारच. म्हणजे त्या दिवशी घरी झोपलेल्या एखाद्या निरपराध गोवेकराच्या दारात पोलीस उभे राहिले असते आणि 'यंत्राने सांगितलं' या एका वाक्याशी त्याला झगडावं लागलं असतं.

हे झालं तेव्हा आधारसाठी कायदाच नव्हता, हेही ध्यानात घ्या. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. कायदा झाला मार्च २०१६ मध्ये, तोही अर्थ विधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेला तो अडवण्याचा अधिकारच नव्हता. तोवर नोंदणी १०० कोटींच्या उंबरठ्यावर होती.

न्यायालयांनी काय केलं ते थोडक्यात सांगतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी निवृत्त न्या. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाचांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार वैध ठरवला, पण खासगी कंपन्यांना नुसत्या कराराच्या जोरावर आधार वापरू देणारी कलम ५७ मधली तरतूद रद्द केली. पडताळणीच्या नोंदी पाच वर्षं ठेवण्याचा नियमही गेला आणि सहा महिन्यांची मर्यादा आली. एकट्या न्या. धनंजय चंद्रचूड यांनी संपूर्ण कायदा घटनाबाह्य ठरवला. त्यांचं ते अल्पमतातलं निकालपत्र पुढच्याच वर्षी जमैकात कामी आलं. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या देशाचा बायोमेट्रिक ओळख कायदा रद्द केला आणि त्यासाठी चंद्रचूडांच्या मतांचा भरपूर आधार घेतला. इथे अल्पमतात राहिलेला विचार तिथे कायदा ठरला, याचा मला अभिमान वाटतो आणि खंतही.

कारण आपल्याकडे पुढे उलटं झालं. २०१९ च्या दुरुस्तीने बँका आणि मोबाईल कंपन्यांना 'ग्राहकाच्या इच्छेने' या शब्दांत आधारची दारं पुन्हा उघडून दिली. राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली माहिती मागण्याचं कलम न्यायालयाने रद्द करताना म्हटलं होतं की अधिकारी अधिक वरिष्ठ हवा आणि त्याच्या जोडीला शक्यतो न्यायिक अधिकारी हवा. दुरुस्तीत सहसचिवाच्या जागी सचिव आला, न्यायिक अधिकारी आलाच नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याकडून माझी मोठी अपेक्षा होती. त्यातही अनुदान-लाभ देण्यासाठी सरकारला संमतीविना माहिती वापरता येते आणि हव्या त्या सरकारी यंत्रणेला कायद्यातूनच सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे. सव्वाशे कोटींहून जास्त लोकांचं बायोमेट्रिक ज्याच्याकडे आहे, त्यालाच नियमांतून सूट मिळण्याची सोय असावी, हे मला कोणत्याही युक्तिवादाने पटत नाही.

आणखी एक मुद्दा, जो ठशांइतका चर्चेत येत नाही. एकच नंबर रेशन, बँक, पेन्शन, शाळा, सिमकार्ड सगळीकडे जोडला की वेगवेगळ्या कचेऱ्यांतल्या याद्या एका क्षणात एकमेकींना जोडता येतात. त्यासाठी केंद्रीय भांडाराला हात लावायची गरज पडत नाही. प्राधिकरणाने पडताळणीचं कारण नोंदवू नये असं कायदा सांगतो, पण कुठल्या संस्थेने किती वाजता पडताळणी केली हे नोंदीत असतंच, आणि संस्था जर एखादं रुग्णालय असेल तर कारण वेगळं लिहायची गरज राहत नाही. यावरचा तोडगा २०१८ मध्ये आला: प्रत्येक संस्थेला तुमच्यासाठी वेगळं टोकन द्यायचं, म्हणजे दोन संस्थांना याद्या जुळवता येणार नाहीत. उपाय चांगला होता. पण ज्या संस्थांना मूळ क्रमांक ठेवायची मुभा राहिली त्यांत सरकारी खाती बहुसंख्य आहेत, आणि याद्या सगळ्यात जास्त तिथेच आहेत.

आता तुमच्या आईंचं. अंगठा न लागणं हा गोपनीयतेचा विषय नाही असं बरेच जण समजतात. माझ्या मते तो त्याच विषयाचा भाग आहे, कारण शरीराला ओळखपत्र बनवलं की शरीर झिजल्यावर ओळखही झिजते. सिन्नरच्या विडी कामगार बाया, ऊसतोड करणारे, सिमेंटवर काम करणारे, आयुष्यभर भांडी घासलेल्या म्हाताऱ्या, यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट होतात. थंडीत कातडी कोरडी पडली की आणखी. २०१६-१७ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालातच झारखंडात ४९ आणि राजस्थानात ३७ टक्के पडताळण्या अयशस्वी होत असल्याचे अंदाज नोंदवले आहेत. त्याच झारखंडात, सिमडेगा जिल्ह्यात, सप्टेंबर २०१७ मध्ये ११ वर्षांची मुलगी गेली. आधार न जोडल्यामुळे तिच्या घरची शिधापत्रिका रद्द झाली होती आणि ती भुकेने गेली असं तिच्या आईने सांगितलं. सरकारने ते कारण नाकारलं. त्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी परिपत्रक निघालं की अंगठा लागला नाही, नेटवर्क नसलं किंवा आधार नसलं तरी धान्य नाकारायचं नाही. दुसरी ओळख पाहून द्यायचं आणि नोंदवहीत तशी नोंद करायची. ते परिपत्रक रेशन दुकानदाराला दाखवा. तो नाही म्हणाला तर तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या आणि अर्जाची पोच घ्या. तोंडी तक्रार करू नका, ती हवेत विरते.

व्यवहारातलं सांगायचं तर, शिधापत्रिकेवर नाव असलेल्या कुणाही एका सदस्याचा अंगठा चालतो. तुमचं नाव त्याच कार्डावर असेल तर तुम्ही जा. आईंचा मोबाईल आधारला जोडलेला असेल तर ओटीपीची सोय विचारा. आधार केंद्रावर त्यांचे ठसे एकदा नव्याने घेऊन पाहा, आणि कुठलं बोट सगळ्यात चांगलं जुळतं तेही तपासून घ्या. बऱ्याचदा अंगठ्यापेक्षा दुसरंच बोट बरं निघतं.

तुम्ही स्वतःचं बायोमेट्रिक मात्र लॉक करा. तुमचं लॉक आईंच्या आधारला लागत नाही. आधारच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून, नोंदलेल्या मोबाईलवर ओटीपी घेऊन हे होतं. गरज पडली की १० मिनिटांपुरतं उघडता येतं आणि मग ते आपोआप परत बंद होतं. लॉक असतानाही ओटीपीने होणारी कामं चालू राहतात. त्याच ठिकाणी मागच्या सहा महिन्यांतल्या पडताळण्यांची यादी दिसते. ती महिन्यातून एकदा चाळा. अनोळखी संस्थेचं नाव दिसलं तर आधारच्या १९४७ या हेल्पलाइनवर विचारा. बँकेला लेखी कळवा की माझ्या खात्यावरून एईपीएसने पैसे काढणं बंद करा. काही बँकांच्या ॲपमध्येच तशी सोय आहे. आणि पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला लेखी कळवा. चूक तुमची नसेल आणि तुम्ही या मुदतीत कळवलंत तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे तुमच्यावर जबाबदारी शून्य राहते. मुदत उलटली की भांडण कठीण होतं.

झेरॉक्सबद्दल माझं मत कडक आहे. ऑडिटला गेलो की जिन्याखालच्या पोत्यांत, रद्दीच्या गठ्ठ्यांत, सगळ्यांना उघडता येईल अशा सामायिक फोल्डरमध्ये आधारच्या प्रती सापडतात. झेरॉक्स पाहून खरं-खोटं काहीच कळत नाही. प्रत्यक्ष तपासणी होते ती कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर, कारण त्यात प्राधिकरणाची डिजिटल सही असते, आणि ती तपासणी इंटरनेटशिवाय, कुठेही नोंद न होता होऊ शकते. तरीही कागदच हवा असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या, त्यावर तारीख आणि कारण लिहा. नंबर टाकावाच लागला तर आधार क्रमांकाऐवजी चालणारा १६ अंकी व्हर्च्युअल आयडी वापरा आणि नंतर तो बदला. पुढचा करारनामा करताना एजंटला आधीच सांगा की प्रत सोसायटीला देताना ठसे आणि नंबर झाकून द्यायचे. मालकाला हरकत असायचं कारण नाही, त्याचेही ठसे त्याच कागदावर आहेत.

सेवा केंद्रात अंगठा देताना कशासाठी देताय ते विचारा आणि पावती मागा. एकाच कामासाठी 'लागला नाही, परत द्या' असं पुन्हा पुन्हा झालं तर घरी येऊन पडताळणीची यादी बघा. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत पती किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी लागत होता, तेव्हा अनेक बायांनी घरातल्या दोघांचे ओटीपी अनोळखी माणसाला वाचून दाखवले. त्या बायकांना दोष देणं अन्याय्य आहे. बाईच्या हक्काचे पैसे घरातल्या पुरुषाच्या मोबाईलवर अवलंबून ठेवणारी रचना ज्यांनी केली, उत्तर त्यांनी द्यायला हवं.

शाळेचं शेवटी. २०१८ च्या निकालात स्पष्ट आहे की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचा करता येत नाही आणि आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाला लाभ नाकारता येत नाही. मुख्याध्यापक मागे लागतात कारण आपल्या राज्यात संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे, आधार-वैध विद्यार्थ्यांच्या आकड्यावर ठरते, म्हणजे नोंद करायची राहून गेली तर शिक्षकाचं पद धोक्यात येतं. त्यांची अडचण खरी आहे, त्यांच्याशी वाद घालू नका. 'अपार' आयडीचा, म्हणजे विद्यार्थ्याच्या देशपातळीवरच्या ओळख क्रमांकाचा, संमतिपत्र-फॉर्म वेगळा असतो, तो वाचून मगच सही करायची की नाही ते ठरवा. आणि मुलाच्या आधारच्या कागदावर त्याच्या अठराव्या वाढदिवसाची तारीख लिहून ठेवा. आईवडिलांनी लहानपणी काढलेलं आधार १८ पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत रद्द करून मागण्याचा हक्क २०१९ च्या दुरुस्तीने मुलांना दिला आहे. मुदत तेवढीच आहे आणि निर्णय त्याने स्वतः घ्यायचा आहे.